अजून तीन शीट

रस्त्याकडेला जीप उभी दिसली की मी तिच्यातल्या रिकाम्या जागा मोजते. मला कुठे जायचं नसतं, तरी मोजते. नांदेडात आमच्या घराजवळच्या चौकात लोह्याला जाणाऱ्या गाड्या लागतात. भाजी घेऊन परतताना माझी नजर काचेतून आत जाते. चार. दोन. एक. गाडी भरून निघून गेली की मला जरा बरं वाटतं. न भरता उभीच राहिली तर मी पुढे जाते, पण ती घरापर्यंत माझ्या मागे येते. दीड वर्ष झालं याला. आजवर मी बरंच काही छापलं, हे मात्र कुठे छापलं नाही.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. पुढे खिळे गेले, यंत्र बदललं, तेही शिकले. कुठल्याही मोर्चाची, संपाची, धरण्याची उरलेली पत्रकं घरी यायची. गुलाबी, पिवळी, हिरवी. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. पहिलीत असताना मला ‘धिक्कार’ लिहिता येत होतं आणि ‘कमळ’ लिहिताना ळ उलटा पडत होता. वडिलांचे पत्रकाविषयीचे नियम पक्के होते. चालता चालता वाचून झालं पाहिजे. मागणी एकच हवी. आणि पहिल्याच ओळीत समोरचा दिसला पाहिजे, म्हणजे कुणाविरुद्ध आहे ते कळलं पाहिजे. समोर कुणी नसेल तर ते पत्रक नाही, निबंध आहे, असं ते म्हणायचे. मी नववीत पहिलं पत्रक लिहिलं, शाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून. तेव्हापासून माझ्या डोक्यात वाक्यं येतात ती तशीच येतात, कुणाकडे तरी बोट दाखवत.

शिक्षण झाल्यावर मी लातूरच्या एका शिकवणी वर्गात मराठी शिकवू लागले. तास फक्त मंगळवारी. सोमवारी दुपारी नांदेडहून निघायचं, अहमदपूरच्या अलीकडे मामाच्या गावी मुक्काम करायचा आणि मंगळवारी सकाळी मामाच्याच जीपने लातूर गाठायचं, असा क्रम बसला होता. मामा फाट्यावरून लातूरची काळी-पिवळी चालवतो. त्या फाट्यावर पाच गाड्या आहेत आणि त्यांचे नियम वडिलांच्या नियमांहून कडक. गाड्या नंबराने लागतात. पहिल्या नंबरची गाडी भरल्याशिवाय दुसरी भरायची नाही. प्रवाशाला ते शीट म्हणतात. आणि एकदा फाटा सोडला की वाटेत एकही शीट उचलायची नाही, कारण पुढच्या प्रत्येक फाट्यावर तिथल्या गाड्यांचा नंबर असतो. म्हणजे अकरा शीट भरायच्या आत जो निघाला त्याच्या जागा लातूरपर्यंत रिकाम्याच जाणार. म्हणून कुणी निघत नसे. ‘अजून तीन शीट’, ‘अजून दोन शीट’ असं ओरडत गाडीभोवती फिरायचं आणि प्रवाशांनी आत घाम पुसत बसायचं. बायकांना बसमध्ये अर्धं तिकीट झाल्यापासून जीप भरायला आणखी वेळ लागू लागला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात डिझेल चढत गेलं. उदगीरकडचे गाडीवाले कर्नाटकाच्या हद्दीत जाऊन टाकी भरून आणत. तिकडे पंपावर मराठीत पाट्याच लावल्या होत्या, या म्हणून. आमच्या फाट्याला ते परवडणारं नव्हतं, तिथवर जाण्यायेण्यात स्वस्ताई जळून जायची. एका सोमवारी संध्याकाळी मामा चार गाडीवाल्यांना घेऊन घरी आला. त्यांना पत्रक हवं होतं. डिझेलवरचा कर सरकारने उठवावा, कायमचा नाही जमत तर काही महिने तरी उठवावा, एवढीच मागणी. मागणी एक, समोरचा स्पष्ट. मी तिथेच ओसरीवर लिहायला बसले आणि वाचून दाखवलं.

त्यातला सर्वांत म्हातारा गाडीवाला सगळं ऐकून म्हणाला, “बाई, झ्याक हाय. पण तुमची मराठी लई जड. हिला वढायलाच दोन लिटर जास्त लागंल.”

सगळे हसले. मी ‘करवसुलीचा अमानुष वरवंटा’ खोडून ‘जादा कर’ केलं. ते पत्रक फाट्याफाट्यावर वाटलं गेलं, काहींनी काचेला आतून चिकटवलं. मामाने दोन चिकटवली.

पावसाळ्याच्या तोंडाला सरकारने डिझेलवरचा कर काही महिन्यांपुरता उठवला. अशी पत्रकं गावोगाव निघाली होती, निवडणुका तोंडावर होत्या, माझ्या कागदाने काही झालेलं नव्हतं. पण फाट्यावर मला तसं कुणी मानू दिलं नाही. पुढच्या मंगळवारी हॉटेलवाल्याने माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत आणि म्हाताऱ्या गाडीवाल्याने सगळ्यांना सांगितलं की ही आपली पोरगी, हिनं मंत्र्याला घाम फोडला. मी नको नको म्हणत होते आणि मला ते आवडत होतं.

नांदेडला मात्र आमच्या मित्रमंडळींत त्यावर वाद झाले. कर उठवून सामान्य गाडीवाल्याला खरंच काही मिळतं का? एकाचं म्हणणं होतं, लिटरवर सवलत दिली की जास्त जाळणाऱ्याला जास्त मिळते. ज्याचे दहा ट्रक त्याची चांदी, जीपवाल्याला चहापाणी. दुसरी म्हणाली, तीन महिन्यांत दर पुन्हा हळूहळू तिथंच येतील, तेव्हा कर नसेल आणि स्वस्ताईही नसेल. मी त्यांच्याशी कडाडून भांडले. मी म्हणाले की तुम्ही कधी फाट्यावर उभे राहिला आहात का. ते उभे राहिले नव्हते. मी जिंकले. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं आणि त्यांना माहीत नसलेली एक गोष्टही बरोबर होती.

ती गोष्ट मला मामाने सांगितली. मी विचारलं होतं, मामा, सवलतीचं तुमच्या हातात किती पडतं? त्याने रुपयांत उत्तर दिलं नाही. तो गाडी पुसत होता. म्हणाला, “तीन शीट.”

म्हणजे कर नव्हता तोवर अकराऐवजी आठ माणसं घेऊन निघालं तरी त्याला फेरीमागे पूर्वीइतकेच पैसे सुटायचे. तीन जागा त्याच्या स्वतःच्या झाल्या होत्या. बाकीच्या चौघांनी पूर्वीसारखीच गाडी भरून त्या तीन शीटचे पैसे खिशात घातले. कुणी टायर घेतलं, कुणी हप्ता भरला, त्यात वावगं काहीच नाही. मामाने वेगळं केलं. त्याने मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचा पहिला नंबर मागून घेतला आणि त्या दिवशी भरो न भरो, बरोबर सहाला गाडी काढायला लागला. ते अक्कासाठी होतं.

अक्का मामाच्या गल्लीच्या टोकाला राहायची. पन्नाशीची, गळ्यात लिंगाचा करंडा, कपाळावर भस्माची रेघ. घरी शिलाई मशीन. नवरा वारलेला, मुलगा आणि सून शेतात. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून दोनदा लातूरला जाऊन चार तास यंत्रावर रक्त साफ करून घ्यायला लागायचं. उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून व्हायचा. तिथे पोचणं तेवढं तिचं तिच्याकडे. पहिली पाळी सकाळी पावणेआठला सुरू होई. फाट्यावर पहिली बस यायची तोवर तिकडे यंत्रं लागलेली असत. आणि उशिरा पोचलेल्याला उशिरापर्यंत ठेवता येत नाही, कारण दुपारच्या पाळीची माणसं बाहेर बाकड्यावर बसलेली असतात. नर्स तरी काय करणार. पाऊण तास उशीर म्हणजे पाऊण तास कमी, एवढा सरळ हिशेब होता.

कर उठायच्या आधी असं नेहमी व्हायचं. पण अक्का गाडीवाल्याला कधी निघा म्हणाली नाही. मामाने भाडं नको म्हटलं होतं तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मामाने सहाला गाडी काढायला सुरुवात केली त्या दिवशी तिने मागे वळून रिकाम्या जागा पाहिल्या आणि कारण विचारलं. फुकटचे उपकार असतील तर ती उतरणार होती. मामा तिला ओळखून होता. त्याने काचेवरचं पत्रक दाखवलं आणि सांगितलं की सरकारनं डिझेल उतरवलंय, आता नियमच झालाय. अक्काने पत्रक पूर्ण वाचलं. हक्क आहे म्हटल्यावर ती निवांत बसली.

त्या मंगळवारांत ती आणि मी पुढच्या शीटवर शेजारी बसत होतो. तिचा डावा हात ती मांडीवर वेगळा ठेवायची, पोराला निजवल्यासारखा. कोपराखाली शीर फुगून दोरीसारखी झाली होती, यंत्राच्या सुया तिथे टोचायच्या. एकदा तिने माझी दोन बोटं धरून त्या शिरेवर ठेवली. आत थरथर होती. रक्त धावत होतं, पण हाताला लागत होती ती न थांबणारी बारीक घरघर, बंद दारामागे गाडी चालू ठेवल्यासारखी.

“चालू हाय का बघितलं?” ती म्हणाली. “रोज सकाळी हात लावून बघावं लागतं. बंद पडली की संपलं.”

मी हात काढून घेतला. ती हसली. म्हणाली, भिऊ नको माय, तुझीबी असतीच, तुला ऐकू येत न्हाई इतकंच.

तिने मला एक कापडी पिशवी शिवून दिली, पत्रकं ठेवायला. जाड खाकी कापडाची, आत लहान कप्पा, त्याला बटण. तो कप्पा पैशांसाठी, असं तिने सांगितलं. पत्रकं वाटायला जाणाऱ्याजवळ परतीचं भाडं नेहमी पाहिजे.

डिझेल मुदतीच्या आधीच पुन्हा चढायला लागलं होतं. दर दोन-चार दिवसांनी थोडं थोडं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. मामा म्हणायचा, आता दोनच शीट राहिल्या. मग दीड. दीड शीट कशी असते म्हणून गाडीवाले त्याची चेष्टा करायचे, त्यात तुझ्या बायकोला बसव म्हणायचे. मग दसऱ्याच्या सुमाराला मुदत संपली. कर जसा होता तसा परत आला, आणि डिझेलच्या मूळ भावाने मधल्या काळात जेवढं वर चढायचं तेवढं चढून घेतलेलंच होतं. नांदेडच्या मित्रमैत्रिणींनी मला फोन केला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

पुढच्या मंगळवारी आम्ही सहाच्या आधी फाट्यावर पोचलो. अक्का पुढे बसली. मी तिच्या शेजारी. मागे सहा माणसं होती. सहा वाजले. मामाने चावी लावली नाही. तो खाली उतरला, फडक्याने समोरची काच पुसली, मग मागची, मग पुन्हा समोरची. अक्काकडे बघितलं नाही. मग इतरांसारखाच ओरडला, “लातूर, लातूर, अजून तीन शीट!”

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने नजर चुकवली. मला सगळं समजत होतं. तीन शीट सरकारने परत घेतल्या होत्या. मामाचं घर त्या गाडीवर होतं, महिन्याचा हप्ता थांबत नव्हता. मामाकडे बोट दाखवता येत नव्हतं. मग मी नेहमी करते ते केलं. पिशवीतून वही काढली आणि लिहायला लागले.

मला ते सगळं आठवतं, एक-एक शब्द. मी लिहीत होते की तात्पुरती सवलत ही दिलेली मदत नव्हे, उसनं दिलेलं आयुष्य आहे. मी लिहीत होते की आज फाट्यावर एक आजारी बाई गाडी भरायची वाट बघत बसली आहे आणि तिच्या शरीरात विष साठत चाललं आहे. वाक्य चांगलं उतरलं म्हणून मी ते पुन्हा वाचलं. ती बाई माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. तिचा डावा हात मांडीवर होता. तिने एकदा माझ्या वहीकडे बघितलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

सव्वासहा. साडेसहा. एक जोडपं बाजरीचं पोतं घेऊन आलं. “अजून एक शीट!” पावणेसातला एक तरुण मुलगी आली, मोबाईलवर बोलत, सावकाश. गाडी निघाली. मामाने जोरात हाणली. शिरूर ताजबंदच्या पुढे अक्का म्हणाली, “हळू हाका. यंत्र काय पळून जात न्हाई.”

लातूरला उतरताना मी तिला विचारलं, किती वेळ मिळेल. तीन तास मिळतील, ती म्हणाली, लई झालं.

आता मला जे सांगायचं आहे ते. त्या सकाळी त्या खाकी पिशवीच्या कप्प्यात, तिनेच लावलेल्या बटणामागे, पैसे होते. पुढच्या पत्रकाच्या छपाईचे. त्यातून तीन शीटचं भाडं दहादा देता आलं असतं. गाडीवाल्याला रिकाम्या शीटचे पैसे देऊन गाडी काढायला लावणं हे त्या फाट्यावर नवीन नाही, लग्नाला उशीर झालेली माणसं रोज करतात. आणि मला ते सुचलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सुचलं होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी सुचलं होतं. माझा हात बटणापर्यंत गेला होता. मग मी स्वतःला समजावलं की प्रश्न एका अक्काचा नाही. आज मी तीन शीट विकत घेईन, शुक्रवारी कोण घेईल? हे काम सरकारचं आहे, ते आपण खिशातून करायला लागलो की सरकारला मोकळं सोडल्यासारखं होतं. हे पैसे लोकांनी लढ्यासाठी दिलेत. लहानपणापासून वाचलेल्या सगळ्या गुलाबी-पिवळ्या कागदांनी मला ते पटवून दिलं. मी बटण उघडलं नाही, पेनाचं टोपण उघडलं.

पुढचे आठ-नऊ मंगळवार असेच गेले. कधी गाडी सव्वासहाला भरे, कधी सातला. अक्काच्या पायाला सूज येऊ लागली, तिने चपला बदलल्या, मोठ्या मापाच्या पुरुषी चपला घातल्या आणि त्यावरून स्वतःच विनोद केला. माझं पत्रक छापून झालं. वडिलांना फार आवडलं. ती वाट बघणारी बाई अगदी डोळ्यांसमोर उभी राहते, असं ते म्हणाले.

थंडीत एका शनिवारी सकाळी मामाचा फोन आला. अक्काच्या छातीत पाणी झालं होतं, लातूरला नेता नेता गेली.

मी दवाखान्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरणीला विचारलं. कमी तासांमुळे झालं का? तिने प्रामाणिकपणे सांगितलं की तसं म्हणता येणार नाही. पाणी जास्त पिलं असेल, हृदय आधीच दुबळं असेल, अशा रुग्णात कधीही काहीही होतं. तास कमी पडले हे चांगलं नव्हतं, पण त्यानेच गेली असं कुणी लिहून देणार नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी ती म्हणाली, तुला नेमकं काय ऐकायचंय? मला एक नाव ऐकायचं होतं. पहिल्या ओळीत घालता येईल असं. ते मिळालं नाही.

तेराव्यानंतर मी मामाला सगळं सांगितलं. आम्ही दोघंच लातूरहून परत येत होतो, गाडी रिकामी होती. पिशवी, बटण, सहा वाजून दहा मिनिटं, सगळं. चाकूर मागे पडलं.

“अक्कानं घेतलं नसतं,” तो म्हणाला.

“तिला कशाला कळलं असतं? मी तुम्हाला गुपचूप दिले असते.”

“हाव.” मग गिअर बदलत, “मी घेतले असते का, ते मला ठाऊक न्हाई. घेतले असते तरी वंगाळ, नसते घेतले तरी गाडी काढली नसती. पोरी, तू एकटीच तिथं नव्हतीस. मागं सहा माणसं होती. मी तर चावी हातात घेऊन होतो.”

माझं समाधान करायला तो हे बोलला नव्हता. त्याच्या आवाजावरून कळलं की तोही रोज त्या गाडीत बसतो आणि शेजारच्या शीटकडे बघत नाही. त्यानंतर मला ती घरघर बोटांना जाणवायला लागली. खडू धरला की. भाकरी थापताना पिठावर बोटं टेकली की. मी हात झटकते, ती थांबत नाही. मग मोजायला लागते, रस्त्यावर उभी असेल त्या गाडीतल्या जागा.

यंदा डिझेल पुन्हा चढलं. मार्चात गाडीवाले पुन्हा मामाच्या ओसरीवर आले, तेच पत्रक हवं होतं, कर काही महिने तरी उठवा. मी म्हणाले की लिहिते, पण मागणी बदलते. काही महिन्यांचं नको. रोज सकाळी प्रत्येक फाट्यावरून पहिली गाडी ठरल्या वेळी सुटली पाहिजे, भरो न भरो, आणि रिकाम्या शीटचा तोटा सरकारने द्यावा. कर घ्या खुशाल, पण त्यातून ती गाडी चालवा. सवलत टाकीला नको, शीटला द्या.

म्हाताऱ्याने विडी विझवली. “बाई, हे बराबर हाय. पण हे मागायला धा वर्षं लागतील. कर उठवा म्हटलं तर निवडणुकीच्या आधी उठतोय. आमच्या पोटाला तीन महिने तीन महिनेच मिळून राहिलेत, ते तरी घेऊ द्या.”

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. मी दोन्ही मागण्या घातल्या. वडिलांचा नियम मोडला. पत्रक कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्याच महिन्यात फाट्यावर एक नवा माणूस दिसायला लागला, शेजारच्या गावचा, फरशी बसवणारा. मंगळवार आणि शुक्रवार. शर्टाची डावी बाही वर दुमडलेली होती, त्यावरून मी ओळखलं. तो अक्कासारखा नव्हता. सहा वाजले की तो आरडाओरडा करायचा.

“ओ ड्रायव्हर, काढा की! माझं यंत्र लागलंय तिकडं. इथं बसून मरू का?”

“दोन शीट राहिल्यात, पावणं.”

“दोन शीटपायी माझी तिरडी बांधता का? बांबू आणा मग, टपावर टाका मला.”

मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामा हसला नाही. तो फडकं घेऊन उभा होता, काच पुसत नव्हता. मी खाली उतरले, त्याच्या शर्टाच्या खिशात दोन शीटचे पैसे घातले. त्याने ते बाहेर काढून बघितले, मग माझ्याकडे बघितलं. परत देईल असं वाटलं. त्याने ते पुन्हा खिशात ठेवले, स्टिअरिंगवर बसला आणि चावी फिरवली. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. फरशीवाला लगेच गप्प झाला आणि अहमदपूर यायच्या आत झोपला.

तेव्हापासून मंगळवारी गाडी सहाला सुटते. कधी एका शीटचे देते, कधी चारचे. पत्रकं कमी छापते. मला माहीत आहे की हा उपाय नाही, माझंच जुनं म्हणणं मला पाठ आहे आणि त्यातलं एक अक्षर चूक नाही. फरशीवाल्याला मी मामाची भाची आहे एवढंच माहीत आहे. परवा उतरताना तो मला म्हणाला, बाई, मंगळवारी ही गाडी लई टायमात असती. शुक्रवारी काय होतंय हिला, कुणास ठाऊक.

शुक्रवारी मी नांदेडला असते.